धुऱ्यावरचा पाला आणि शेतकऱ्याची जखम

आषाढाचा पाऊस लागला, परे उपटणीस आले आणि बांध्यांत चिखल झाला, म्हणजे आमच्या धानाच्या मुलखांत घरोघर हातापायांचीं दुखणीं सुरू होतात. फुलचूर हें गोंदिया शहरास अगदीं लागून असलेलें गांव. शहर दरवर्षी पुढें सरकत आहे आणि शेत मागें हटत आहे; तरी रोवणीच्या दिवसांत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चिखलांत वांकून उभीं असलेलीं माणसें अद्याप दिसतात. आरंभीं पायांच्या बोटांत चिखल्या, मध्यें काटे व धसकटें, आणि कार्तिकांत कापणी आली कीं विळ्याचे घाव, असा हा वर्षाचा क्रम आहे. या जखमा लहान असतात, म्हणून त्यांचा विचार कोणी करीत नाहीं. बैलाच्या खांद्यास सूज आली तर आम्ही चार जणांस विचारतों; गड्याचें बोट कापलें तर “लाव कांहींतरी पाला” इतकें म्हणून मोकळे होतों.

हा “कांहींतरी पाला” काय आहे, तो कोठवर उपयोगी आहे व कोठून पुढें घातक आहे, याविषयीं माझें मत या लेखांत मांडीत आहे. या बाबतींत आमच्यांत दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो कीं, वाडवडिलांनीं जें लाविलें तें सर्व अमृतासमान. दुसरा, बहुधा शहरांत शिकून आलेला पक्ष म्हणतो कीं, हा सर्व अडाणीपणा आहे, नळींतला मलम तेवढा खरा. माझ्या मतें दोन्ही पक्षांनीं पाहण्याचे कष्ट घेतलेले नाहींत. पाला आणि शेण हीं दोन्ही “जुनीं” आहेत. परंतु एक ठेवण्यासारखें आहे व दुसरें टाकण्यासारखें. जुनें म्हणून दोहोंस एकाच टोपलींत घालणें हीच खरी चूक आहे.

ही गोष्ट मला पुस्तकानें शिकविली नाहीं. माझ्या लहानपणीं माझ्या चुलत्यांच्या टाचेंत बाभळीचा काटा मोडला. काटा सुईनें काढला, रक्त फारसें आलें नाहीं. घरांतील वडीलधाऱ्यांनीं रीतीप्रमाणें त्या छिद्रावर गोठ्यांतील ओलें शेण थापून वर चिंधी बांधली. जखम वरून बुजली व ते पुन्हा नांगरास लागले. नवव्या दिवशीं त्यांना घांस चावतां येईना. दुसऱ्या दिवशीं जबडा आवळला व पाठ धनुष्यासारखी वांकूं लागली. तिसऱ्या दिवशीं ते गेले. काटा करंगळीच्या नखाएवढाही नव्हता. त्या दिवसापासून “लहान जखम” हा शब्द मी जपून वापरतों.

आतां प्रथम पाल्याची बाजू सांगतों, कारण ती खरोखर चांगली आहे.

आमच्या धुऱ्यांवर, पांदणींच्या कडेला व खळ्याच्या आसपास एक जमिनीसरशी पसरणारी वनस्पति असते. पानें खरखरीत व दांतेरी, आणि एका लांब उघड्या दांड्यावर एकच लहान फूल, मध्यें पिवळें व कडेला पांढरट. हिलाच कोणी कंबरमोडी, कोणी एकदांडी, कोणी दगडीपाला म्हणतात. हिच्या पानांचा रस ताज्या कापलेल्या जागीं पिळला असतां रक्त लवकर थांबतें, हा कापणीवरच्या प्रत्येक बाईचा अनुभव आहे. प्रयोगशाळांत प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांतही हिच्या रसानें जखम भरून येण्यास मदत होते, असें दिसून आलें आहे. परंतु वाचकांस नवल वाटेल अशी गोष्ट पुढें आहे. ही वनस्पति मूळची या देशाची नाहीं. ती अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतून येथें आली व तण म्हणून पसरली. म्हणजे सुश्रुतानें ती पाहिली असणें शक्य नाहीं. आमच्या आज्यांनींच केव्हां तरी हें परकें तण हातीं घेतलें, लावून पाहिलें, गुण आला तें ठेविलें. परंपरा म्हणजे केवळ जुन्याचें जतन नव्हे, पारखून स्वीकारणें हाही तिचाच भाग आहे, हें या एका झुडपावरून दिसतें. ज्या बुद्धीनें त्यांनीं नवें घेतलें, त्याच बुद्धीनें आपण कांहीं जुनें टाकलें, तर त्यांत त्यांचा अपमान नाहीं.

कडुनिंबाच्या पाल्याचें उकळलेलें पाणी जखम व खरूज धुण्यास वापरतात. यांत निंबाचा गुण आहेच. पण पाणी उकळलें जातें हा गुणही थोडा नाहीं. बाभळीच्या सालीचा काढा तुरट असल्यामुळें ओलसर, पाझरणाऱ्या त्वचेस आंवळून कोरडें करतो. चिखल्यांवर मेंदीचा पाला वाटून लावण्याची चाल बायकांत आहे. मेंदींतील रंगद्रव्य बुरशीस मारक आहे, म्हणून ही चाल निराधार नाहीं. मात्र चिखल्यांचें खरें औषध कोरडेपणा हेंच होय. संध्याकाळीं पाय स्वच्छ पाण्यानें धुवून, बोटांच्या बेचक्यांतून फडक्यानें टिपून, रात्रभर उघडे व कोरडे ठेविले, तर पाल्याला अर्धेंच काम उरतें. पाय ओले ठेवून वर कितीही लेप दिला तरी तो व्यर्थ जातो.

हळदीविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण तिची गोष्ट अमेरिकेपर्यंत जाऊन आली आहे. १९९५ सालच्या मार्च महिन्यांत अमेरिकेच्या पेटंट कचेरीनें तेथील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास, जखम बरी करण्यासाठीं हळदीचा उपयोग करण्याबद्दल पेटंट दिलें. आमच्या चुलीजवळच्या डब्यांतील वस्तूचा, आमच्याच ठाऊक उपयोगाचा हक्क दुसऱ्याच्या नांवें लागला. आपल्या देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें १९९६ सालीं त्यास हरकत घेतली. त्या वेळीं परिषदेचे महासंचालक गोव्यांतील माशेल गांवीं जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर हे होते. हळदीचा हा उपयोग नवा नाहीं हें दाखविण्यासाठीं परिषदेनें बत्तीस लेखी आधार पुढें ठेविले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच १९५३ सालीं इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत छापलेला एक निबंधही होता. १९९७ च्या ऑगस्टांत पेटंट कचेरीनें तो हक्क रद्द ठरविला.

या निकालाचा आनंद सर्वांनीं केला, पण त्यांतील धडा थोड्यांनीं घेतला. “आमची आजी हळद लावीत असे” एवढ्या सांगण्यावर तो दावा जिंकला गेला नाहीं. तो जिंकला गेला छापील आधारांवर. हळद भाग्याची, तिच्याविषयीं लिहिणारे पुष्कळ झाले. धुऱ्यावरच्या ज्या पाल्याचें नांवच आमच्या झाडीपट्टीबाहेर कोणास ठाऊक नाहीं, त्याची बाजू मांडण्याची वेळ आली तर पुढें ठेवावयास आमच्यापाशीं कागद कोठें आहे? या प्रश्नाकडे शेवटीं पुन्हा येतों.

हळद गुणकारी आहे म्हणून ती मूठभर भरावी असें मात्र नव्हे. खोल जखमेंत कोरडी पूड दाबून भरली असतां वर खपली धरते व खालीं पू साचतो. बाजारच्या पुडींत रंग खुलविण्यासाठीं शिशाचें पिवळें द्रव्य मिसळण्याची लबाडीही कांहीं ठिकाणीं उघडकीस आली आहे. म्हणून खरचटल्या जागेवर लावावयाची तर घरच्या हळकुंडाची, ताजी उगाळून, पातळ लावावी.

हें सर्व लावण्यापूर्वीं एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडेच आमचें सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायांत व्रणावरील साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत व्रणाचें शोधन व व्रणाचें रोपण हे वेगवेगळे उपक्रम आहेत; आधीं जखम शुद्ध करावयाची, मग ती भरून आणावयाची. आम्हीं रोपण तेवढें लक्षांत ठेविलें व शोधन विसरलों. चिखलानें भरलेल्या बोटावर, चिखलानें भरलेल्या हातानें, जमिनीवरून उपटलेला पाला चोळून, किंवा त्याहून वाईट म्हणजे दातांनीं चावून लावणें याला औषधोपचार म्हणतां येणार नाहीं. खरा क्रम असा असावा : प्रथम स्वच्छ फडकें जखमेवर दाबून धरावें, दहा मिनिटें सतत दाबल्यास साधें रक्त बहुधा थांबतें. नंतर पिण्याजोग्या वाहत्या पाण्यानें जखम भरपूर धुवावी व भोंवतालची त्वचा साबणानें स्वच्छ करावी. माती, कुसळ, काटा राहूं देऊं नये. त्यानंतर जखम वरवरची व स्वच्छ असल्यास, उकळून निवविलेल्या पाण्यानें धुतलेला पाला, धुतलेल्या हातानें लावावा. आणि वर कोरडें, धुतलेलें फडकें बांधून तें रोज बदलावें.

आतां टाकण्यासारख्या वस्तूंची यादी स्पष्ट शब्दांत देतों. शेण, गोठ्यांतील माती, चुलीची किंवा विडीची राख, तंबाखू, कोळ्याचें जाळें, रॉकेल, यांपैकीं कांहींही उघड्या जखमेवर लावूं नये. रुईचा चीक काटा वर येण्यासाठीं लावतात. तो त्वचा जाळतो व डोळ्यांत गेल्यास डोळ्यास मोठी इजा करतो. काटा मोडल्यावर बिब्ब्याचा चटका देण्याची चाल आमच्याकडे फार आहे. बिब्ब्याच्या तेलानें अंगावर फोड उठतात, कांहींच्या सर्वांगावर पुरळ येतो व मूळच्या काट्यापेक्षां उपायाचें दुखणें अधिक दिवस पुरतें. वनस्पतींतली म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत बिब्ब्यानें आजवर पुष्कळांची खोटी पाडली आहे.

यावर एक आक्षेप नेहमीं येतो : “आमचे वडील जन्मभर शेण लावीत आले, त्यांना काय झालें?” याचें उत्तर असें कीं, ज्यांना कांहीं झालें नाहीं तेच हें सांगावयास मागें राहिले. ज्यांना झालें त्यांची साक्ष घेतां येत नाहीं. माझ्या चुलत्यांची साक्ष मी वर दिली आहे.

धनुर्वाताचे जंतु मातींत व जनावरांच्या शेणांत बीजरूपानें राहतात, आणि तें बीज वर्षानुवर्षें मरत नाहीं. गंजलेल्या खिळ्यानें धनुर्वात होतो असें आपण म्हणतों. पण दोष गंजाचा नसून खिळ्याबरोबर आंत गेलेल्या मातीचा असतो. हें बीज उघड्या हवेंत वाढत नाहीं, खोल व बंद जागीं वाढतें. म्हणून रक्त भळभळणाऱ्या मोठ्या घावापेक्षां काट्याचें मुकें छिद्र अनेकदां अधिक धोक्याचें असतें. आणि त्यावर शेणाचा थर देणें म्हणजे बीं पेरून वर माती लोटणें होय. तें पीक बहुधा तीन दिवसांपासून तीन आठवड्यांच्या आंत वर येतें, तोंवर जखम विसरली गेलेली असते.

याला पाल्याचा उपाय नाहीं, लसीचा आहे. २०१५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांत बाळंतिणी व नवजात बालकें यांच्या धनुर्वाताचें निर्मूलन झाल्याचें मान्य केलें, ही मोठी गोष्ट झाली. तें सुईणींच्या, परिचारिकांच्या व गर्भिणींना दिलेल्या लसीच्या बळावर झालें. परंतु चाळिशी-पन्नाशींतला शेतकरी पुरुष या योजनेच्या बाहेर राहतो. मुलांना बालपणीं व पुढें दहाव्या व सोळाव्या वर्षीं लस मिळते, स्त्रियांना गरोदरपणीं मिळते. बापाला शेवटची केव्हां मिळाली हें त्याला आठवत नाहीं. या लसीचें बळ कालांतरानें उतरतें, म्हणून दर दहा वर्षांनीं ती पुन्हा घ्यावी असा वैद्यकशास्त्राचा नियम आहे. जखम मळकी असून पांच वर्षें लोटलीं असल्यास तेव्हांही घ्यावी. शेजाऱ्यानें घेतली म्हणून आपला बचाव होत नाहीं, कारण हा रोग माणसापासून माणसाला होत नसून मातीपासून होतो. आणि माती तर आम्हां सर्वांची मालकीण आहे.

लहान जखमेची मर्यादा कोठें संपते तेंही सांगितलें पाहिजे. दाबूनही न थांबणारें रक्त, तोंड उघडें पडलेला घाव, खोल गेलेला काटा किंवा खिळा, चेहऱ्यावरील व सांध्यावरील जखम, पसरणारी लाली, ताप, काखेंत किंवा जांघेंत गांठ, यांपैकीं कांहीं दिसल्यास पाला सोडून दवाखाना गांठावा. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची कोणतीही जखम लहान मानूं नये. त्याला दुखत नाहीं म्हणूनच ती वाढते. कुत्रें चावल्यास साबण व पाणी यांनीं पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं लस घ्यावी. चुना किंवा मिरची भरूं नये. सापाचे दांत लागले तर तेथें कोणताही पाला लावीत बसणें म्हणजे वेळ घालवणें होय. आणि बांधींत उभें राहून काम करणाऱ्याच्या फुटलेल्या त्वचेंतून उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्याचा रोगही शिरतो; म्हणून रोवणीनंतर ताप व पिंडऱ्यांत ठणका आल्यास वैद्यास आपण चिखलांत काम केल्याचें अवश्य सांगावें.

आतां दोन गोष्टी आपण जमीनवाल्या शेतकऱ्यांनीं आपल्याकडे घेण्यासारख्या आहेत.

पहिली धुऱ्याविषयीं. मजूर मिळत नाहींत म्हणून आम्ही धुऱ्यांवर तणनाशक फवारतों. त्यानें कंबरमोडीही जाते. ती जाते इतकेंच नव्हे. कांहीं तणनाशकांनंतर पाला कित्येक दिवस हिरवाच दिसतो, आणि कापणीवरची बाई सवयीनें तोच पाला खुडून बोटावर चोळते. फवारणाऱ्यानें तिला सांगितलेलें नसतें. औषधाच्या जागीं विष लावण्याचा हा प्रकार आमच्या हातून अजाणतां घडतो. माझें म्हणणें असें कीं, प्रत्येकानें घराजवळचा किंवा विहिरीजवळचा एक हात-दोन हात धुरा कायमचा न फवारतां राखावा, आणि तो कोणता हें कामावरच्या सर्वांस सांगून ठेवावें. त्याबरोबर शेतावर एक झांकणाची घागर, एक साबणाची वडी व चार धुतलेलीं फडकीं ठेवावीं. जखमा बहुतेक दुसऱ्यांच्या हातांस होतात, धान मात्र आमच्या कोठारांत येतें. तेव्हां एवढा खर्च आमच्याकडेच लागतो. मजुरांना पेरणीपूर्वीं लसीसाठीं आरोग्यकेंद्रांत नेणें हेंही अर्ध्या दिवसाचें काम आहे.

दुसरी गोष्ट लिहून ठेवण्याची. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘वनौषधिगुणादर्श’ व डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधीसंग्रह’ हे ग्रंथ मराठींत आहेत, हें आमचें भाग्य. २००१ सालापासून केंद्र सरकारनें पारंपरिक ज्ञानाचें मोठें संकलन संगणकावर चालविलें आहे. पण त्याचा मुख्य आधार लिहिलेले ग्रंथ हाच आहे. जें तोंडींच राहिलें त्यासाठीं २००२ च्या जैवविविधता कायद्यानें दुसरी वाट ठेविली आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीनें समिति नेमून लोकजैवविविधता नोंदवही करावयाची असते, आणि महाराष्ट्राचें जैवविविधता मंडळ तर आमच्याजवळ नागपुरासच आहे. अशी वही कपाटांत बंद राहिली तर तिचा उपयोग नाहीं. गांवांतील वृद्ध बायका, गुराखी व वैदू यांना विचारून, त्यांच्या संमतीनें, कोणता पाला, कोणत्या जखमेवर, कसा लावतात, आणि कोणत्या जखमेवर लावीत नाहींत, हें त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें. “लावीत नाहींत” हा रकाना मुद्दाम ठेवावा. जुन्या जाणत्या बाईला तो बहुधा आपल्यापेक्षां अधिक ठाऊक असतो.

सारांश, पाणी व साबण आधीं, पाला नंतर, लस नेहमींच, आणि शेण कधींही नाहीं. इतकें आपल्या घरीं व आपल्या बांधीवर पाळलें जावें, आणि येत्या रोवणीपूर्वीं प्रत्येक वाचकानें आपली स्वतःची लस शेवटची केव्हां झाली हें एकदां आठवून पहावें. आठवत नसेल, तर ती घेण्याची वेळ आली आहे असें समजावें, अशी सर्व शेतकरी बंधूंस विनंति करून हा लेख पुरा करतों.